कोपरा कापलेली पानं

स्कॅनर बसच्या वरच्या फळीवर ठेवायला माझं मन होईना, म्हणून नांदेडपासून तो माझ्या मांडीवरच होता. जुन्या चादरीत गुंडाळलेला, वरून सुतळी. बाबांनी दुकानातली गाठ मारून दिली होती आणि ती माझ्याच्यानं सुटणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. लोह्याला शेजारी एक बाई येऊन बसल्या. त्यांनी आधी चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शिलाई मशीन हाय का?"

"नाही."

"मग टीव्ही?"

"स्कॅनर आहे."

"फोटो काढायचं?"

"हो, तसंच काहीतरी."

"लई जड दिसायलंय. खाली ठेव की गं. कोण नेतंय त्याला."

मी नुसतं हसले. माझं हे नेहमीचं आहे. लोकांना वाटतं, इंग्रजी शाळेत शिकलेली, शिष्ट असेल. खरं म्हणजे मराठीत उत्तर जुळवेपर्यंत समोरच्याचं बोलणं दोन वळणं पुढे गेलेलं असतं. खाली ठेवला तर खड्ड्यांनी काच फुटेल, एवढं साधं वाक्य मी अहमदपूर येईपर्यंत मनात घोळवत बसले. तोवर त्या बाई झोपल्या होत्या.

आत्याची पानं लातूरच्या घराबाहेर जाणार नव्हती, म्हणून स्कॅनर लातूरला चालला होता.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा तिला अक्का म्हणतात. ती अगदी लहान असताना कसलासा ताप आला आणि डोळे गेले. अंध मुलांच्या निवासी शाळेत तिनं सगळी उमर संगीत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर लातुरातच दोन खोल्यांच्या घरात एकटी राहिली. स्वयंपाकाच्या मावशी सकाळ-संध्याकाळ येऊन जातात. बाकी दिवस तिचा. या दिवसांबद्दल ती वर्षानुवर्षं ब्रेलमध्ये लिहीत आली. रोज नाही, मनात आलं की. पत्र्याची ब्रेलची पाटी, दाभणासारखी टोचायची लेखणी, आणि एक ठराविक टकटक, जी मी लहानपणी सुट्टीत गेले की दुपारी पलीकडच्या खोलीतून ऐकायची. लिहिलेलं ती पत्र्याच्या पेटीत ठेवायची आणि अधूनमधून काढून स्वतःच वाचायची. मांडीवर पान, बोटं फिरतायत, आणि चेहऱ्यावर काहीतरी येतंय जातंय. त्या वेळी तिला हाक मारली तर ती "थांब" म्हणायची, आणि खरंच थांबावं लागायचं.

मग साखरेनं तिची बोटं गेली. आधी तिला चहाचा पेला गरम लागेना. मग सकाळच्या पूजेत तळहातावर घेतलेल्या इष्टलिंगाचा नुसता भार कळायचा, गुळगुळीतपणा कळायचा नाही. हे तिनं बाबांना फोनवर सांगितलं होतं, सहज, भाज्यांचे भाव सांगावेत तसं. पानांचं मात्र तिनं फार उशिरा सांगितलं. दिवाळीत आम्ही सगळे तिच्याकडे गेलो होतो तेव्हा.

"पान कोरं लागायलंय," ती म्हणाली. "टोचलेलं हाय ते ठाऊक हाय मला. पण बोट फिरवलं की कोरं."

बाबांना प्रत्येक गोष्टीवर लगेच उपाय सुचतो. दुकानदार माणूस.

"अक्का, त्यात काय एवढं. तुझ्या शाळेतले ते नवीन सर हायेत की. येत जातील आठवड्याला, वाचून दाखवतील."

"माझं मी लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू?"

"कामून? त्यात असं काय लिहिलंयस तू?"

"काहीच न्हाई," आत्या म्हणाली. "म्हणूनच."

बाबा हसले. मला हसू आलं नाही. माझ्या फोनला कुलूप आहे, फोनमधल्या वहीला वेगळं कुलूप आहे, आणि त्या वहीत पाहिलं तर मेसमधल्या डाळीबद्दल आणि कुणी माझ्याशी कसं बोललं त्याबद्दल लिहिलेलं सापडेल. ते कुणी वाचलं तर मी काय करेन, मला माहीत नाही.

जेवणं झाल्यावर आत्यानं मला जवळ बसवलं. मी नांदेडला एम.टेक. करत होते आणि माझा प्रकल्प नेमका हाच होता: ब्रेलचं पान स्कॅन करायचं, संगणकानं त्यातले उंचवटे ओळखायचे, सहा टिंबांच्या घरांची अक्षरं करायची, अक्षरांचा मजकूर. मी विषय निवडला तेव्हा आत्या डोक्यात होती, पण हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांनी तिला सांगून टाकलं होतं.

"तुझं ते मशीन वाचतं म्हणं."

"वाचायला शिकतंय."

"मशीन कुणाला सांगतं का?"

"नाही."

"आणि तू?"

मी म्हणाले, "मी वाचणार नाही, आत्या. मशीन वाचेल आणि तुमच्या कानात सांगेल. मध्ये कुणी नाही."

तिनं माझा हात चाचपला, बोटांच्या पेरांनी नाही, तळव्यानं. "मग आण," ती म्हणाली.

इतकं सोपं बोलून गेले मी.

*

माझा प्रोग्रॅम तोवर चांगला चालत होता, असं मला वाटायचं. आत्याच्या शाळेकडून मिळालेली धड्यांची पानं मी त्याला दाखवली होती. जाड, पांढरट कागद, वर एकसारखी टिंबं. स्कॅनरचा दिवा एका बाजूनं येतो, म्हणून प्रत्येक टिंबाला एका कडेला उजेड आणि दुसऱ्या कडेला बारीकशी सावली मिळते. माणसाच्या डोळ्याला ते पान जवळजवळ कोरं दिसतं. संगणकाला त्या सावल्या पुरतात.

आत्यानं पेटी उघडली आणि पहिला गठ्ठा माझ्या हातात दिला. कागद कॅलेंडरचे होते.

ब्रेलचा कागद महाग, सहज मिळतही नाही. जाड आणि फुकट कागद म्हणजे जुनं कॅलेंडर. हे शाळेत सगळेच करायचे, आत्या म्हणाली, लग्नपत्रिका, कॅलेंडरं, मिठाईची खोकी, जे टोचता येईल ते. आणि आमचं रंगाचं दुकान दर वर्षी कॅलेंडर काढतं. उरलेली सगळी बाबा लातूरला पाठवत आले होते. ते पुढ्यात घेऊन आत्या पान मधोमध दुमडायची, घडीवर नख ओढायची, दोन तुकडे करायची, आणि लिहायची. म्हणजे माझ्यासमोर बाबांच्या दुकानाची सगळी वर्षं होती. शंकर-पार्वती, गणपती, बर्फाचे डोंगर, लाल रविवार, एकादशीच्या खुणा, पाठीमागे राशिभविष्य आणि रेल्वेचं वेळापत्रक, आणि प्रत्येक तुकड्यावर कुठे ना कुठे आमच्या आडनावाचं अर्धंमुर्धं अक्षर. या सगळ्याच्या अंगावर आत्याची टिंबं.

तिच्या बोटांना हे छापलेलं काहीच नव्हतं. माझ्या प्रोग्रॅमला तेच सगळं होतं. तारखांचे आकडे, चौकटींच्या रेघा, पार्वतीच्या दागिन्यातला एकेक मणी, प्रत्येकाला तो टिंब समजू लागला.

स्वयंपाकाच्या मावशींनी चाकूनं सुतळी कापून दिली आणि आम्ही पहिला गठ्ठा स्कॅन केला. मी लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे वळवलं, आत्याच्या कानात हेडफोन घातले, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसले. आपण काय बनवलंय ते कळायला माझ्याकडे तेवढाच एक पडदा होता.

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही बाई कुठली?"

"कोणती?"

"कानात बोलायली ती."

"ती... तो तयार आवाज आहे. संगणकाचा."

"पुण्याची दिसती. लई शिस्तीत बोलायली. पण काय बोलायली ते तिला तरी कळायलंय का बघ."

"काहीच लागत नाही का?"

"मधी मधी 'क' म्हणती. मग खोकल्यासारखं करती." तिनं हेडफोन काढले. "मी असलं लिहिलं न्हाई बाई. एवढी म्हातारी झाले न्हाई मी."

मावशी कणीक मळता मळता म्हणाल्या, "मशीनला उपास घडला असंल. चहा पाजा."

पुढच्या दोन्ही गठ्ठ्यांचं तेच झालं.

*

त्यानंतरचा काळ मी नांदेड आणि लातूरच्या मध्ये कुठेतरी काढला असं आठवतं. स्कॅनर आत्याकडेच ठेवला. मी जायची, यायची. नांदेडला असले की लातूरला जावंसं वाटायचं, लातूरला पोचले की पेटीकडे बघवायचं नाही. मी छापील रंग काढून टाकायचा प्रयत्न केला. निळं गेलं तर लाल उरायचं, लाल गेलं तर काळं. काळ्या रेघा काढल्या की सोबत सावल्याही जायच्या. खोलीवर मी उभ्यानं जेवायला लागले होते. माझी रूममेट म्हणाली, "तू खुर्चीवर काटे पेरलेस का?"

मार्गदर्शक सरांचे फोन यायचे. त्यांना अहवालात टक्केवारी हवी होती. प्रोग्रॅमनं किती घरं बरोबर ओळखली, किती चुकली. "कठीण कागदावरचा नमुना मिळालाय तुला," ते म्हणाले. "उत्तम आहे. बरोबर मजकूर काय तो हातानं लिहून काढ, आणि ताडून बघ. दोन दिवसांचं काम आहे."

बरोबर मजकूर हातानं लिहून काढायचा म्हणजे वाचायचा.

मला ब्रेल येतं. डोळ्यांनी येतं, बोटांनी नाही. गंमत म्हणजे छापील मराठीपेक्षा मराठी ब्रेल मला सोपं गेलं, कारण ते मी मोठेपणी, स्वतःच्या मर्जीनं शिकले, वर्गात उठवून कुणी वाचायला लावलं नाही. पान तिरकं धरून खिडकीच्या उजेडात नेलं असतं तर मी एकेक ओळ वाचू शकले असते. आत्याला दिसलं नसतं. ती समोर बसलेली असतानासुद्धा दिसलं नसतं. हा विचार मला यायचा आणि आला की मी उठून अंगणात जायची, नळ बघायची, परत यायची.

"काय येरझाऱ्या घालायलीस गं," आत्या म्हणायची. "बस की. तुझ्या पायांनी माझं डोकं दुखायलंय."

बाबांनीही फोनवर तेच सुचवलं. "तू आपली वाच, चुका दुरुस्त कर, आणि अक्काला सांग मशीननं केलं. तिला काय कळणार?"

"बाबा."

"अगं, वाईटासाठी म्हणून सांगायलोय का मी? ती आता जेवण कमी करायली. मावशी सांगत होत्या. नुसती पेटीजवळ बसून राहती."

मावशी मलाही म्हणाल्या होत्या. आत्या पेटी उघडायची, पान मांडीवर घ्यायची, बोट फिरवायची, ठेवून द्यायची. पुन्हा दुसरं. एकदा तिनं पान ओठांना लावून पाहिलं होतं. ओठांनी वाचणारे असतात, तिनं ऐकलं होतं. तिला टिंबं लागली, पण अक्षरं लागली नाहीत. "तोंड फक्त बोलायला शिकलंय माझं," ती म्हणाली, आणि पान पेटीत परत ठेवलं.

मी बाबांचा फोन ठेवला आणि ठरवलं की अजून एकदा सगळी पानं स्कॅन करायची, आणि नाहीच जमलं तर आत्याला तसं सांगायचं. तिला खोटं सांगायचं नाही एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

*

त्या खेपेला मी पान काचेवर ठेवत होते आणि आत्या पुढचं पान मला देत होती. आम्हाला एक लय सापडली होती. मध्येच तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. मी पान ठेवायला वळवलं होतं, ते तिला कागदाच्या आवाजावरून कळलं असावं.

"फिरवायलीस कामून?"

"उलटं होतं, म्हणून सरळ केलं."

"उलटं? मी सरळच दिलंय."

"आत्या, गणपती उलटा होता. डोकं खाली."

ती थबकली. "कोणता गणपती?"

तेव्हा मला कळलं की तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कागद कॅलेंडरचा आहे हे तिला माहीत होतं. त्यावर कोणतं चित्र आहे, आकडे कुठे आहेत, वर कोणती बाजू, हे तिला कशाला माहीत असेल? तिनं तुकडा हातात घेतला की पाटीत अडकवायचा, बस. वरची बाजू ती स्वतः ठरवायची.

"कोपरा बघ," ती म्हणाली. "उजव्या हाताचा वरचा कोपरा मी कापते. प्रत्येक पानाचा. तो वर ठेवायचा."

मी पेटीतली पानं पाहिली. प्रत्येकाचा एक कोपरा चिमटीएवढा कापलेला होता. मी पहिल्याच दिवशी ते पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, उंदीर. अर्ध्या पानांवर तो कोपरा छापील चित्राच्या वरच्या बाजूला होता, अर्ध्यांवर खाली. मी मात्र प्रत्येक पान निमूटपणे देवांची डोकी वर करून लावलं होतं. अर्धी पेटी मी माझ्या प्रोग्रॅमला उलटी वाचायला दिली होती.

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिचे खांदे हलायला लागले.

"म्हंजे इतकी वर्षं मी देवांना शीर्षासन घालायला लावलं?"

"काही पानांवर."

"शंकरालासुद्धा?"

मी गठ्ठ्यात शोधलं. "शंकर दोनदा."

"मावशी," ती आत ओरडली, "ऐकलं का? मला नरकात जागा नक्की झाली. डबा द्यायला येत जा."

"तिथं मी न्हाई येणार," मावशी आतून म्हणाल्या, "लई गरम होतं."

उलटी गेलेली सगळी पानं मी पुन्हा लावली, या वेळी कोपरा बघून. चित्रं उलटी, टिंबं सुलटी. निम्म्या पानांचे माझ्याकडे आता दोन-दोन स्कॅन झाले, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं.

दुपारी आत्या पडली होती. मी उगाच एका पानाचे दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी ठेवून बघत होते, मजकूर लागू नये इतके लहान करून. एक फिरवून दुसऱ्यासारखा केला. मंगळवार तिथेच मंगळवार, लाल रेघ तिथेच लाल रेघ. छापलेलं काही हललं नव्हतं. पण टिंबांच्या सावल्या बदलल्या होत्या. एका चित्रात सावली टिंबाच्या खाली, दुसऱ्यात वर. साहजिकच होतं. दिवा जागचा हलत नाही, पान फिरलं की उजेड दुसऱ्या कडेनं येतो. शाई तिकडे लक्ष देत नाही. उंचवटा देतो.

मग एका चित्रातून दुसरं वजा केलं तर?

मी उठले, अंगणात गेले, परत आले, बसले. चार ओळींचं काम होतं. चालवलं. गणपती गेला. तारखा गेल्या. आमच्या दुकानाचं नाव गेलं. करड्या पडद्यावर फक्त टिंबं उरली, ओळीत, पावसाळ्यात भिंतीवर चढणाऱ्या मुंग्यांसारखी. मी घाईत ते तसंच पुढे ढकललं, ओळख, अक्षर, मजकूर, आणि लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे करायचं राहून गेलं.

पडद्यावर आलं: आज पाणी आलं नाही.

मी झाकण आपटून बंद केलं. आत्या जागी झाली.

"काय फुटलं?"

"आत्या," मी म्हणाले, "मी एक वाक्य वाचलं. मुद्दाम नाही. पडद्यावर आलं."

ती उठून बसली. चेहरा एकदम बंद झाला होता. "काय?"

"आज पाणी आलं नाही."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "लातुरात राहून हे वाचायला तुला मशीन लागलं?" आणि पुढे, हळू आवाजात, "ते तर पानोपानी असंल. बाकी?"

"बाकी नाही."

"बरं. दे ते कानातलं."

*

त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. बाहेर आत्या ऐकत होती. मध्येच काही बोलायची, मला नाही. एकदा "हो की गं" म्हणाली. एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती हसली, असं काही हसली की मला लहान मुलीसारखं जाऊन विचारावंसं वाटलं, काय झालं, काय होतं. मी पलंगाच्या कडेला बसून पायानं फरशीवरची एक भेग चाचपत राहिले.

उरलेली पानंही मी फिरवून पुन्हा लावली, तरी सगळं बरोबर येत नव्हतं. वर्षानुवर्षं बोटं फिरून फिरून काही टिंबं बसून गेली होती, आणि ती तिनं सगळ्यात जास्त वेळा वाचलेल्या पानांवरची होती. तिथे प्रोग्रॅम अडायचा. बरोबर काय ते फक्त आत्याला ठाऊक. दुसऱ्या दिवशी मी तिला लॅपटॉपचा कळफलक दिला आणि सहा कळा दाखवल्या, डाव्या हाताच्या तीन, उजव्या हाताच्या तीन. एक कळ म्हणजे एक टिंब. घरातली सगळी टिंबं एकदम दाबायची. जिथे प्रोग्रॅमला खात्री नाही तिथे त्यानं थांबून टिक असा आवाज करायचा, आणि तिनं बरोबर अक्षर दाबायचं.

"माझी बोटं मेलीत, पोरी."

"वाचायला. दाबायला लागतात का बघा."

तिनं बोटं कळांवर ठेवली. दाबल्यावर कळत नव्हतं तिला, पण हेडफोनमधल्या त्या पुणेरी बाईनं प्रत्येक अक्षराचा उच्चार केला. तिनं स्वतःचं नाव दाबलं. मग बाबांचं. मग माझं. मग ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "जा आता. मी कामात हाय."

मावशी म्हणाल्या की त्या दिवशी ती दोन्ही वेळा जेवली.

सरांना टक्केवारी हवीच होती. मी आत्याला विचारलं, किती कळतं. तिनं विचार केला. "बारा आणे," ती म्हणाली. "चार आणे माझे मी भरते." बारा आणे म्हणजे पंचाहत्तर टक्के, पण ते अहवालात लिहिता येत नाही. शाळेतल्या शिक्षकांना मी बाबांची उरलेली कॅलेंडरं नेऊन दिली, त्यांनी मुलांकडून त्यांवर धडे लिहून घेतले, काही सरळ, काही उलटे, आणि अहवालात ते आकडे गेले. आत्याच्या पानांबद्दल अहवालात एक ओळसुद्धा नाही. सर म्हणाले, "खऱ्या वापरातला नमुना नाही, हीच उणीव." मी हो म्हणाले.

नंतर मी तिच्यासाठी एक लहान संगणक आणला, पडदा नसलेला. कळफलक, हेडफोन, आणि शेजारी स्कॅनर. सगळी पानं त्यात घातली. उघडायचा सांकेतिक शब्द तिनं सहा कळांवर स्वतः ठरवला. मी पाठ फिरवून उभी होते, आणि पाठ फिरवल्याचं तिला सांगितलंही होतं, का ते मलाही माहीत नाही.

निघायच्या दिवशी मी पिशवी भरली. आत्या दारात खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर पाटी, पाटीत या वर्षीच्या कॅलेंडरचा तुकडा. लिहायला बोटांना काही कळावं लागत नाही, हे तिला एव्हाना समजलं होतं. ती पुन्हा टोचायला लागली होती.

"तुझ्याकडं काय राहिलंय का माझं?" तिनं विचारलं.

मला कळलं ती काय विचारतेय. माझ्या लॅपटॉपवर सगळं होतं. स्कॅन, मजकूर, सगळी पेटी. तपासण्यासाठी ठेवलेलं. एक फोल्डर, वर नुसतं 'ए' लिहिलेलं, आत्याचं इंग्रजी पहिलं अक्षर. त्यात कुठेतरी ती कशाला हसली तेही होतं. बहुतेक मीही असेन, सुट्टीत येणारी, न बोलणारी.

"आहे," मी म्हणाले.

"पूस."

"नांदेडला जाऊन पुसते."

"हितंच पूस. माझ्यासमोर."

मी पायरीवर बसले आणि लॅपटॉप उघडला. "तुम्हाला कसं कळणार, आत्या, मी खरंच पुसलं की नाही?"

तिनं कोपरा कापला. लहानशा कात्रीनं, उजव्या हाताचा वरचा, चाचपावंसुद्धा न लागता. तुकडा पदरात पडला.

"तू सांगशील की," ती म्हणाली.

मी फोल्डर निवडला. संगणकानं विचारलं, नक्की? माझं बोट कळीवर होतं आणि मला ती एक ओळ आठवत होती, पाणी न आल्याची. तिच्या आधी काय होतं, नंतर काय होतं. मी कळ दाबली. मग संगणकातल्या कचऱ्याच्या डब्यात जाऊन तिथूनही काढलं.

"पुसलं," मी म्हणाले.

"बरं."

ती पुन्हा टकटक करायला लागली. मी थोडा वेळ तिथेच बसले. नांदेडची बस निघून गेली असणार, पण पुढची होती. तिनं एक ओळ संपवली, पाटी खाली सरकवली, आणि दुसरी सुरू केली. मी विचारलं नाही.